नाव पासपोर्टप्रमाणे

आमच्या सुनेच्या व्हिसाची फाईल पहिल्यांदा परत आली ती माझ्या यजमानांच्या सुंदर अक्षरामुळे.

कागदांच्या यादीत एक निमंत्रणपत्र होतं. सासरच्यांनी लिहून द्यायचं, की ही आमची सून, जालन्याला आमच्या घरी राहणार, राहण्याजेवणाची जबाबदारी आमची. सोबत लाईटबिलाची प्रत. कॉम्प्युटरवाल्याकडून टाईप करून आणायचं सोडून ह्यांनी फुलस्केप कागद घेतला, समास आखला आणि बँकेतल्या नोकरीत कमावलेल्या मोत्यासारख्या इंग्रजी अक्षरांत पत्र लिहिलं. त्यात सुनेचं नाव कसं? आधी सौ., मग आम्ही तिच्यासाठी घरात ठरवलेलं तीन अक्षरी मराठी नाव, मग मुलाचं नाव, मग आमचं आडनाव. पत्र कुरिअरने नेदरलँड्सला गेलं, तिने ते बाकीच्या कागदांना जोडलं, आणि तिकडच्या खिडकीवरच्या माणसाने एकच प्रश्न विचारून सगळा गठ्ठा परत सरकवला. ही बाई कोण?

प्रश्नात काही खोट नव्हती. पासपोर्टवर, जन्माच्या दाखल्यावर, लग्नाच्या दाखल्यावर, कुठेही त्या नावाची बाई नव्हती. ती फक्त आमच्या दिवाणखान्यातल्या बोलण्यात होती.

ह्यांना एकट्याला बोल लावण्यात अर्थ नाही, नाव मीच सुचवलं होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं काढलेली बाई मी. जनरल रजिस्टरमधलं नाव कुणी खोडायचं नाही, गिरवायचं नाही, वरून पांढरं लावायचं नाही, हे मी नव्या शिक्षकांना दरवर्षी सांगत आले. आणि घरात सून यायची म्हटल्यावर पहिला विचार काय आला, तर हिला नाव काय ठेवायचं. ते नाव इथे लिहीत नाही. ज्याचा उपयोगच झाला नाही ते कशाला?

खरं तर मला हे कळायला हवं होतं. १९८४ साली मी या घरात आले तेव्हा लक्ष्मीपूजनाला तांदळाचं ताट पुढे आलं, ह्यांनी सोन्याच्या अंगठीने त्यात माझं नवं नाव लिहिलं. माहेरचं नाव चार अक्षरांचं होतं, ताटातलं दोन अक्षरांचं. बायकांनी ते मोठ्याने वाचलं, पेढे वाटले गेले, आणि तेच तांदूळ दुसऱ्या दिवशी भातात गेले. वाईट वाटलं का? तेव्हा नाही. वाटायचं असतं हेच माहीत नव्हतं. त्रास झाला तो पुढे, कागदाला. डी.एड.चं प्रमाणपत्र चार अक्षरांचं, सेवापुस्तक दोन अक्षरांचं, माहेरच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर पुन्हा चार अक्षरं. निवृत्तीच्या वेळी स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं, की वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे. महाराष्ट्रात हा मजकूर नोटरीकडे तयारच असतो, फक्त नावं भरायची. किती बायकांनी आपण आपणच आहोत असं शपथेवर लिहून दिलं असेल!

फाईल परत आली त्या रात्री हे सगळं डोक्यात फिरत होतं, आणि त्यात माझ्या सासूबाई आठवत होत्या. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांचं माहेर देऊळगाव राजाचं. आज देऊळगाव राजा ते जालना एसटीने तासाभराची वाट, पण १९४४ साली आत्याबाई बैलगाडीतून आल्या तेव्हा त्या एक सरकार सोडून दुसऱ्या सरकारात आल्या होत्या. वऱ्हाड इंग्रजांकडे, जालना निजामाकडे. माहेरची माणसं इकडच्या मुलखाला मोगलाई म्हणायची. तिकडे कलदार रुपया, इकडे हाली शिक्का. सहा कलदार दिले की सात हाली मिळायचे. आणि मध्ये करोडगिरीचा नाका. करोडगिरी म्हणजे निजामाचं जकात खातं. रुखवताची गाडी नाक्यावर थांबवली, पितळेचा हंडा, घागरी, लुगडी खाली उतरवली, मोजली, नव्या हंड्यावर जकात घेतली आणि मग वऱ्हाड पुढे सोडलं. आत्याबाई हे सांगताना दर वेळी एका वाक्यावर थांबायच्या: “हंड्याला जकात लागली, मला नाही लागली. मला कोनी काही इचारलंच नाही.”

यावर आम्ही हसायचो. आता ते वाक्य मला वेगळं ऐकू येतं. चौदा वर्षांची मुलगी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात चालली, आणि हंड्याची नोंद झाली, तिची नाही. ना नाव विचारलं, ना कुठली म्हणून, ना किती दिवसांसाठी. निजामाच्या राज्यात सरकारी नोकऱ्यांसाठी मुल्की आणि गैरमुल्की असा भेद होता. बाहेरच्या माणसाला मुल्की व्हायला पंधरा वर्षांचं वास्तव्य लागायचं. मुल्की पुरुषाची बायको मात्र लग्नानेच मुल्की. म्हणजे गाडीतून उतरता उतरता आत्याबाई हैदराबाद संस्थानच्या झाल्या. आजच्या कायद्यात भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी माणसाला नागरिकत्वाचा अर्ज करायचा तर सात वर्षांचं वास्तव्य लागतं. सात वर्षं जास्त की एक क्षण जास्त, हे मी पूर्वी चटकन सांगितलं असतं.

आता मुलाचं सांगते. तो बियाण्यातला माणूस. जालन्यात बियाणं म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगावं लागतं. बद्रिनारायण बारवाल्यांनी १९६४ साली इथे महिको सुरू केली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि तेव्हापासून आमच्याकडे स्टीलच्या भट्ट्यांखालोखाल पोरांना नोकरी लागते ती सीडमध्ये. मुलगा वागेनिंगेनला शिकायला गेला आणि पुढे एंकहाउझेन नावाच्या सरोवराकाठच्या लहानशा गावात बियाण्याच्याच कंपनीत लागला. ते गाव म्हणजे त्यांचं जालना, असं तो म्हणतो, फक्त धूळ नाही. तिथे ती भेटली. तीही बियाण्यातलीच.

२०२३ च्या जूनमध्ये तिथल्या नगरपालिकेत लग्न झालं. आम्ही दोघं व्हिडिओ कॉलवर, कारण आमच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख लग्नानंतरची मिळाली. नोंदणीच्या वेळी तिथल्या अधिकाऱ्याने दोघांनाही एक प्रश्न विचारला होता: लग्नानंतर व्यवहारात कुठलं आडनाव वापरणार? आपलं, जोडीदाराचं, की दोन्ही? दोघांनाही, हे लक्षात घ्या. आमच्या मुलालाही विचारलं, की बायकोचं आडनाव लावणार का. मुलाने हे फोनवर सांगितलं तेव्हा ह्यांच्या हातातला चहा तसाच राहिला. “मग तू काय सांगितलंस?” ह्यांचा आवाज बँकेत तिजोरीची किल्ली सापडत नसताना व्हायचा तसा झाला होता. त्याने अर्थातच नाही सांगितलं. तिनेही नाही सांगितलं. आणि हो सांगितलं असतं तरी फरक पडला नसता, कारण त्यांच्याकडे पासपोर्टवरचं जन्माचं आडनाव लग्नाने बदलतच नाही. नवऱ्याचं लावायचं ते बोलण्यापुरतं, पत्रापुरतं.

तिच्या आडनावात आधी ‘फान डेर’ असं येतं. इंग्रजीत ते व्हॅन वाचलं जातं, त्यामुळे आमच्या गल्लीत काही दिवस असा समज होता की तिच्या वडिलांचा गाड्यांचा धंदा आहे.

व्हिसाच्या कामाला लागल्यावर बरेच जण म्हणाले, एवढी खटपट कशाला, टुरिस्ट व्हिसावर आणा, महिनाभर राहील, जाईल. मी मुलाला तसं म्हणूनही पाहिलं. तो म्हणाला, “आई, ती टुरिस्ट नाही.” पुढे बोलायची सोय राहिली नाही. भारतीयाच्या जोडीदारासाठी वेगळा प्रवेश-व्हिसा असतो. त्यासाठी लग्नाचा दाखला लागतो, आणि तो परदेशातला असेल तर त्यावर अपॉस्टिल नावाचा शिक्का. तो शिक्का तिथल्या जिल्हा न्यायालयातून आणायचा. आपला देश २००५ पासून त्या करारात आहे, म्हणून तेवढ्यावर भागतं. त्याआधी एका दाखल्याला कचेऱ्या-कचेऱ्यांतून फिरावं लागायचं.

आणि मग तो अर्ज. मुलाने स्क्रीनवर दाखवला म्हणून मी तो अख्खा वाचला, शिक्षकी खोड. वडिलांचं नाव, आईचं नाव, त्यांचं जन्मगाव, त्यांचं आधीचं नागरिकत्व. धर्म. शिक्षण. तुमचे आईवडील किंवा आजीआजोबा पाकिस्तानचे होते का? तिचे आजोबा ट्युलिपचे कांदे लावणारे शेतकरी. शरीरावरची ओळखीची खूण कोणती, हा प्रश्न बघून तर मला माझं रजिस्टरच आठवलं. आमच्याकडच्या जुन्या दाखल्यांवर असायची की, उजव्या गालावर तीळ, कपाळावर व्रण. पण मी थबकले ती एका लहान चौकोनाशी. तुम्ही कधी नाव बदललं आहे का? बदललं असल्यास इथे खूण करा.

तिने तो चौकोन रिकामा सोडला. मी भरत असते तर मला खूण करावी लागली असती, आत्याबाईंना करावी लागली असती, आमच्या गल्लीतल्या बहुतेक सगळ्या बायकांना करावी लागली असती.

दुसरं निमंत्रणपत्र ह्यांनी टाईप करून आणलं.

व्हिसा येईपर्यंत दीड-दोन महिने होते. त्या काळात मी शीलवती केतकरांचं ‘मीच हे सांगितले पाहिजे’ पुन्हा वाचायला काढलं. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन परतताना लंडनला थांबले, तिथे त्यांची एडिथ कोहन या जर्मन ज्यू मुलीशी ओळख झाली. ते भारतात परतले, मध्ये पहिलं महायुद्ध गेलं, आणि लग्नाला १९२० साल उजाडलं. व्रात्यस्तोमाचा विधी करून तिला हिंदू करून घेतलं, आणि एडिथची शीलवती झाली. पुढे ज्ञानकोशाचे खंड, त्यापायी आलेली ओढग्रस्त, १९३७ साली केतकरांचं जाणं, सगळं तिने या नावाने भोगलं. विंटरनिट्झचा भारतीय साहित्याचा जर्मन इतिहास इंग्रजीत आणण्याचं मोठं काम तिचं. कलकत्ता विद्यापीठाने १९२७ साली त्याचा पहिला खंड काढला. त्याच्या मुखपृष्ठावर अनुवादकाचं नाव आहे मिसेस एस. केतकर. जर्मन भाषा एडिथच्या माहेरची, मेहनत तिची, आणि तिथे ‘ए’ अक्षरसुद्धा नाही. मला वाटतं, त्या आत्मकथेच्या नावातला ‘मीच’ कुठून आला असेल ते या पानावर दिसतं. अर्थात हा माझा अंदाज. शीलवती हे नाव तिला आवडलंही असेल, कुणी सांगावं.

नॅन्सी मिलरचं तर नावासोबत कूळही बदललं. अमेरिकेतल्या सिॲटलची ही मुलगी, इंदूरच्या गादीवरून १९२६ साली पायउतार झालेल्या तुकोजीराव होळकरांशी तिचं लग्न ठरलं. १९२८ च्या मार्चमध्ये नाशिकला शंकराचार्य डॉ. कुर्तकोटींनी तिची शुद्धी केली, धनगर समाजातल्या एका घराने तिला मुलगी म्हणून पदरात घेतलं, आणि त्याच महिन्यात बडवाहला लग्न लागलं. नाव ठेवलं शर्मिष्ठा. नाव काढणाऱ्याला ययातीची गोष्ट आठवली नसेल का? राजकन्या असून दासी झालेली, राजाची आधीची राणी घरात असताना आलेली ती शर्मिष्ठा! तिच्या देशाचा कायदा तर आणखी कडक होता. १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस अमेरिकन नागरिक व्हायला अपात्र ठरवला, आणि अशा अपात्र पुरुषाशी लग्न करणाऱ्या बाईचं स्वतःचं नागरिकत्व जायचं. १९३१ पर्यंत ही अट होती. आमच्या सुनेच्या देशातही १९६४ पर्यंत परदेशी माणसाशी लग्न केलं की बाई डच राहत नसे. म्हणजे नावाच्या बाबतीत आपणच तेवढे पुढे होतो असं नाही.

पुस्तकांवरचं नाव न बदलता इथली झालेली एक बाई मात्र मला ऐकून माहीत होती. गेल ऑम्व्हेट. महात्मा फुल्यांच्या चळवळीचा अभ्यास करायला अमेरिकेतून आल्या, १९७६ साली भारत पाटणकरांशी लग्न केलं, सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात सासूबाई इंदुताईंच्या घरात राहिल्या, १९८३ साली भारताचं नागरिकत्व घेतलं. २०२१ साली त्या कासेगावातच गेल्या. पुस्तकांवर शेवटपर्यंत नाव गेल ऑम्व्हेटच. हे मी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, “त्या विदुषी होत्या.” जणू नाव राखायला पीएच.डी. लागते.

ती आली २०२४ च्या जानेवारीत. वंदे भारत नुकतीच सुरू झाली होती, तेव्हा जालन्यापर्यंतच यायची. दुपारी मुंबईहून निघालेली गाडी रात्री साडेआठच्या सुमारास जालन्याला लागली. स्टेशनवर आमचे अर्धे भावबंद. नणंदेने उंबऱ्यावर माप ठेवलं होतं. ते हळूच पायाने लवंडायचं हे मुलाने तिला सांगितलं होतं, पण किती हळू ते सांगितलं नव्हतं; गहू सोफ्याखालपर्यंत गेले. तांदळाचं ताट आणि अंगठी मी कपाटातच ठेवली. नणंदेने दोनदा खुणावलं, मी स्वयंपाकघरात निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी चष्मा लावला आणि फॉर्म सी उघडला. परदेशी माणूस तुमच्याकडे मुक्कामाला आला की चोवीस तासांत ही माहिती ऑनलाईन भरायची. जिल्ह्यात परदेशी लोकांची नोंद पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीत असते. फॉर्म मुळात हॉटेलवाल्यांसाठी घडवलेला, त्यामुळे आम्ही त्या दिवसापुरते लॉजवाले झालो. कुठून आल्या, भारतात कोणत्या तारखेला आल्या, इथे कधी पोचल्या, येण्याचं कारण, किती दिवस राहणार, इथून पुढे कुठे जाणार. ह्यांनी प्रश्न मोठ्याने वाचायचे, मुलाने उत्तर सांगायचं, ती पोह्याची बशी घेऊन बघत बसली होती. “किती दिवस राहणार?” वाचल्यावर ह्यांचा आवाज जरा पडला. लग्न होऊन आलेल्या मुलीला हे विचारायचं? मुलाने भाषांतर करून सांगितलं. तिला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. तिने तारीख सांगितली.

मला विचाराल तर तो प्रश्न मला आवडला. मला कुणी विचारला नाही, आत्याबाईंना कुणी विचारला नाही. विचारला असता तर आम्ही दोघींनी “जन्मभर” असंच सांगितलं असतं, पण सांगितलं असतं आम्ही.

संक्रांत त्या वर्षी १५ जानेवारीला होती. पहिला सण म्हणून तिला काळी चंद्रकळा नेसवली, हलव्याचे दागिने घातले. हलव्याचा हार, बाजूबंद, मुकुट. साखरेचे दागिने का घालायचे हे तिला समजावता येईना. तिने एक दाणा हळूच काढून खाल्ला, प्रश्न मिटला. हळदीकुंकवाला चाळीसेक बायका. तिळगूळ झाला, वाणाचे डबे वाटून झाले, आणि मग ठरल्याप्रमाणे बायका सुरू झाल्या, “नाव घे, नाव घे!”

तोवर ती थोडं मराठी शिकली होती. नाव कळत होतं, घे कळत होतं. पत्राचा सगळा घोळ तिला माहीत होता, आपल्याला एक मराठी नाव काढून ठेवलेलं आहे हेही. तिने माझ्याकडे एकदा बघितलं, सगळ्या बायकांकडे बघितलं, हात जोडले आणि अगदी स्पष्ट मराठीत म्हणाली, “नाही. माझं नाव आहे.”

खोली गप्प झाली. नणंदेच्या हातात गुलाबदाणी तशीच. मग माझ्याच लक्षात आलं, ती काय समजली ते, आणि मला असं हसू फुटलं की पदर तोंडात धरावा लागला. मुलाने आतून येऊन उलगडा केला, की नाव घेणं म्हणजे नवऱ्याचं नाव काव्यात गुंफून म्हणायचं. “एवढंच?” ती म्हणाली आणि तिने त्याचं नाव घेतलं, नुसतं, बिनकाव्याचं, दारातून हाक मारावी तसं मोठ्याने. बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझं लग्न होऊन चाळीस वर्षं होत आली, मी ह्यांना अजून ‘अहो’ म्हणते.

त्या आठवड्यात मुलाने तिला जाफराबादकडे नेलं, मीही गेले. जाफराबाद, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हा सगळा पट्टा आता शेडनेटचा. पांढऱ्या-हिरव्या जाळीखाली भाजीपाल्याचं संकरित बी तयार होतं. मिरचीचं क्रॉसिंग जवळजवळ उरकलं होतं, एका शेडमध्ये शेवटच्या ओळी चालल्या होत्या. बायका झाडांच्या मधे बसून काम करत होत्या. उमलायच्या आधीच्या कळीतले पुंकेसर चिमट्याने काढून टाकायचे, दुसऱ्या दिवशी डबीतले नराचे पराग त्या फुलाला लावायचे, आणि झालेल्या फुलाच्या देठाला रंगीत धागा बांधायचा. धागा नसलेलं फळ तोडून टाकतात. एका झाडाला असे किती धागे! लांबून वाटावं, नवसाचं झाड आहे.

सून सरळ मातीत बसली आणि एका बाईचा चिमटा मागून घेतला. हात सराईत चालला. त्या बाईने तिचा हात बघितला, मग तोंड बघितलं, मग मला विचारलं, “पोरगी कोन्या गावची म्हनायची?”

“हॉलंडची.”

“कुठं आलं ते?”

“विमानाने जावं लागतं.”

ती बाई जरा वेळ गप्प राहिली. पराग लावत होती. मग म्हणाली, “लई लांब दिली माय तिला.”

व्हिसा, फाईल, फॉर्म, एवढं सगळं झालं, पण तिची आई त्या दिवसापर्यंत माझ्या मनात आलीच नव्हती. त्या बाईच्या आली.

शेडच्या दाराशी पाटी होती, तिच्यावर वाणाचं नाव नव्हतं, नुसता नंबर. मादीचा एक, नराचा एक. कंपन्या जातीचं नाव शेतकऱ्याला सांगत नाहीत, आकड्यावर काम चालतं. सून म्हणाली, असेच आकडे तिच्या टेबलावर येतात, आणि तिथून पुढे पाकिटावर झकास नाव पडतं. त्या नावावरून कुणाला जाफराबाद कळत नाही. बाहेरचं बी देशात आणायलाही परवाना लागतो, रोगमुक्तीचा दाखला लागतो, हे तिने गमतीत सांगितलं. फाईल परत आली होती तेव्हा ती ऑफिसात म्हणे सांगायची, माझ्यापेक्षा मिरचीचं बी लवकर पोचतं.

दुसऱ्या दिवशी अंबडला मत्स्योदरीला गेलो. अंबडशी होळकरांचं नातं जुनं, अहिल्याबाईंच्या बांधकामाच्या खुणा गावात आहेत. डोंगराचा आकार माशासारखा, म्हणून मत्स्योदरी. पायऱ्या चढताना तिला नॅन्सी मिलरची गोष्ट सांगितली. तिने विचारलं, “तिला नंतर घरी नॅन्सी कोण म्हणायचं?” मला उत्तर देता आलं नाही. मग विषय बदलावा म्हणून मी घनसावंगीकडे हात दाखवून जांबची गोष्ट सांगितली. आमच्या जिल्ह्यातला सगळ्यांत प्रसिद्ध नवरदेव आसनगावच्या मांडवातून ‘सावधान’ ऐकून पळाला. घरी नाव नारायण, पुढे जगाने रामदास म्हटलं. बाईचं नाव बदलतं घरात येताना, आणि पुरुषाचं, बदललंच तर, घर सोडून जाताना. हे तिला भाषांतर करून सांगायला तोवर मुलगा जवळ नव्हता, म्हणून ते माझ्यापाशीच राहिलं.

ठरलेल्या तारखेला ती परत गेली. तेव्हापासून वर्षातून एकदा येते.

२०२५ च्या जूनमध्ये लग्नाला दोन वर्षं झाली. नोंदणी झालेलं लग्न सलग दोन वर्षं टिकलेलं असलं की परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्डाचा अर्ज करता येतो. ते मिळालं की दर वेळी व्हिसा नको. नागरिकत्व नव्हे ते. मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. बियाण्यातल्या सुनेला सातबारा घेता येणार नाही, याचं ह्यांना माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. दिवाळीला दोघं आली तेव्हा कागद जुळवायला आम्ही जेवणाच्या टेबलावर बसलो. ह्यांनी तिचा पासपोर्ट हातात घेतला आणि एक एक अक्षर मोठ्याने वाचलं, मी कच्च्या कागदावर लिहिलं, तिने तपासलं, मग मुलाने कॉम्प्युटरवर भरलं. नाव बदललं आहे का, या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’.

तुमच्याकडे अशी सून किंवा जावई यायचा असेल, तर निमंत्रणपत्र लिहिण्याआधी पासपोर्ट समोर घ्या आणि नाव तसंच्या तसं उतरवा. सौ. लावू नका, मुलाचं नाव मधे घालू नका. आडनाव आमच्या सुनेसारखं असेल, तर ‘फान’ आणि ‘डेर’ यांच्यामध्ये एक जागा मोकळी सोडायची असते.